दुसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं घर

३ फेब्रुवारी, सोमवार

तिसऱ्या घरात काही सापडलं नाही.

पहाटे साडेपाचला दार फोडलं, आठ जण आत शिरले, दोन तास घर उपसलं आणि रिकाम्या हातांनी परतले. मला साडेदहाला कळलं, साहेबांकडून. साहेब म्हणजे आमच्या वीज कंपनीच्या मीटर विभागाचे प्रमुख. त्यांना पोलीस निरीक्षकांचा फोन आला होता. निरीक्षक चिडलेले नव्हते म्हणे. सापडलं नाही म्हणजे माल आधीच हलवला असणार, असं त्यांचं मत. साहेबांचंही तेच. मीही मान हलवली.

यादी माझी आहे. इथे लिहून ठेवते, कारण ऑफिसात ती "विभागाची" आहे. नवे मीटर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात. पोलिसांना अशी घरं हवी होती, जिथे विजेचा मोठा भार बरोबर बारा तास एकसारखा चालतो आणि मग एकदम खाली येतो. बंद खोलीत दिव्यांखाली गांजा वाढवणाऱ्यांचा भार असा दिसतो. मी नियम लिहिला. अडतीस हजार घरांतून तीन निघाली. पहिल्या घरात सव्वाशे कुंड्या सापडल्या, पेपरात फोटो आला. दुसऱ्याला कुलूप होतं, भाडेकरू पळालेला. त्या आठवड्यात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आवडलं मला ते. खोटं कशाला बोलू.

पक्कड काकांनी — आमचे सर्वांत जुने मीटर मेकॅनिक, पक्कड कायम वरच्या खिशात — चहाच्या वेळी टोमणा मारलाच. "काय इन्स्पेक्टरीणबाई, आज नेम चुकला म्हणे?" सगळे हसले. मीही.

तीनपैकी दोन. वाईट नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिसऱ्या घराची फाइल उघडली. सहज.

संध्याकाळी सातला भार चढतो, अडीच किलोवॅटवर स्थिर राहतो, सकाळी सातला उतरतो. दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. नियमाने बरोबर पकडलंय.

खाली तक्रारी होत्या. तीन. तिन्ही एकाच हस्ताक्षरात, सुबक, ओळी सरळ. पहिली — आमच्या घरी इतकी वीज जळेल असं काहीच नाही, कृपया माणूस पाठवून बघावे. तिसरी — दोनदा लिहिले, कोणी आले नाही, मीटरपाशी नाही तर घरात येऊन बघावे.

तिन्ही तक्रारी मी बंद केल्या आहेत. शेरा — "मीटर ऑफिसातून तपासले. दोष नाही. निकाली." मीटरमध्ये दोष नव्हताच.

गांजा वाढवणारा माणूस कंपनीला घरात या, घरात या असं का लिहील?

हा प्रश्न चार वाजून दहा मिनिटांनी पडला. फाइल बंद केली आणि घरी आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

गेले होते. "मीटर तपासणी" असं बाहेर जाण्याच्या नोंदवहीत लिहून.

तीन मजल्यांची इमारत, मजल्यावर चार घरं. दुसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं शेवटचं. दार नाही. चौकटीत एक फळी तिरकी लावलेली, तिच्यामागे कपाट. फळीवर आधीच्या दाराची पाटी खिळ्याने ठोकली आहे — पाळणाघर, वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात.

पाळणाघर! माझ्या यादीत फक्त ग्राहक क्रमांक होता.

बाई साठीच्या आहेत. मुलं त्यांना मावशी म्हणतात, मग सगळी इमारतही. कपाट बाजूला सारून त्यांनी मला आत घेतलं आणि पहिलं वाक्य हे — "शेवटी उजाडलं म्हणायचं कंपनीत. दोन वर्षं बोलावतेय."

भिंतीवर मुलांच्या उंचीला अकरा खुंट्या. दप्तरं दोन. नऊ घरांनी मुलं काढून घेतली. एक आई कपडे न्यायला आली ती जिन्यातच उभी राहिली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही तिने, इतकं मावशींनी सांगितलं. बाकी सगळं त्यांचे यजमान सांगत होते. ते छापखान्यात होते, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. दार वाजलं म्हणून उघडायला निघाले होते. "मी दाराकडे चाललो होतो, बाई, तर दारच माझ्याकडे आलं." स्वतःच हसले. मावशी नाही हसल्या. हा विनोद त्यांनी तीन दिवसांत बऱ्याचदा ऐकला असणार.

दुधाच्या पावडरीचे सगळे डबे जमिनीवर ओतले. चिमूट चिमूट पुड्यांत भरून नेली. लहान गाद्या मधोमध चिरल्या. कापडी खेळण्यांची पोटं फाडली. मावशी बोलता बोलता एका सशाचं पोट शिवत होत्या, बारीक टाके घालून. आत नवा कापूस.

मी मोजत होते. पंखे तीन. फ्रिज एक, छोटा. मिक्सर. इस्त्री. दिवे पाच. सगळं एकदम लावलं तरी दीड किलोवॅटच्या वर जात नाही, आणि ते रात्रभर कोण लावतं? रात्री इथे तीन माणसं झोपतात, हे दोघं आणि त्यांची मुलगी, ती रुग्णालयात नर्स आहे.

मावशींनी पाणी दिलं. प्यायले. यादी माझी आहे, हे सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अडीच वजा दीड. दिवसभर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पक्कड काकांना घेऊन परत गेले. त्यांना खरं कारण सांगितलं, कारण त्यांना खोटं सांगून उपयोग नसतो.

मीटरची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. फळ्यावर बारा मीटर, चार-चारच्या तीन ओळी, एका मजल्याला एक ओळ. वीज वापरली जात असली की मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकतो. आमच्या नोंदीत दुसऱ्या ओळीतला डावीकडचा पहिला मीटर मावशींच्या घराचा आहे.

मावशींना फोन करून घरातला मेन स्विच बंद करायला सांगितला.

डावीकडचा ठिपका लुकलुकतच राहिला. उजवीकडचा, शेवटचा, थांबला.

परत चालू, परत बंद. तीनदा. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "अगं, किती वेळा? पोर झोपलंय, पंखा थांबला की उठून बसतं."

काकांना माझ्या आधी कळलं. त्यांनी काडेपेटीवर चार रेघा मारल्या, पेटी उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. आरशात दिसावं तसं झालं होतं. प्रत्येक ओळीत पहिला तो चौथा, दुसरा तो तिसरा. बारा घरं चार वर्षं एकमेकांची बिलं भरतायत. मावशींच्या नावावर जो भार दिसतो, तो मजल्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे — उजवीकडच्या घराचा.

वर जाऊन त्या दारासमोर उभे राहिलो. साधं दार, पायपुसणं, दुधाची रिकामी पिशवी कडीला. काका म्हणाले, वाजवून विचारू का, आत काय चालतं ते. मी म्हटलं, आपल्याला अधिकार नाही.

"पोलिसांना आहे," काका म्हणाले, "म्हणून ते वाजवत नाहीत."

८ फेब्रुवारी, शनिवार

कारण सापडलं. चूक नकाशाची. कंत्राटदाराने मीटरच्या फळ्याचा नकाशा मागच्या बाजूने काढला होता, कारण केबली मागून येतात. पुढून पाहणाऱ्याला तो उलटा पडतो. नोंदी नकाशावरून झाल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

काल लिहिलं ते खोटं आहे. वहीत तरी कुणापासून लपवायचं?

नकाशा बरोबर होता. खालच्या कोपऱ्यात स्पष्ट छापलंय — "फळा मागील बाजूने." नोंदी "झाल्या" नाहीत. मी केल्या.

चार वर्षांपूर्वी मी शिकाऊ होते. त्या दिवशी अकरा इमारती होत्या, ही अकरावी. मीटरच्या खोलीला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे, रखवालदार जेवायला, अर्ध्या तासात येईल असं कुणीतरी सांगितलं. मी सात मिनिटं थांबले. आकडा नक्की आहे, कारण घड्याळाकडे बघत थांबले होते. मग ऑफिसात जाऊन नकाशा पुढे ठेवून बारा ओळी भरल्या. शेवटचा रकाना असतो — "जागेवर पडताळणी." त्यात बरोबरची खूण केली. सही केली.

कोपऱ्यातलं वाचलं होतं का? आठवत नाही. आठवत नाही हे खरं आहे, आणि सोयीचंही.

त्यानंतर चार वर्षांत मी एकही खूण न बघता केलेली नाही. ऑफिसात माझ्या काटेकोरपणाच्या नकला करतात. त्या काटेकोरपणाचं मूळ कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही.

संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तू गप्प बसलीस की मला काही वाटत नाही, तू घासलेली भांडी परत घासायला घेतलीस की वाटतं. काय झालं? मी म्हटलं, ऑफिसचं काम. ती गेली. ती नेहमी एकदाच विचारते.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना सांगितलं. खूण केल्याचंही. ते वाईट माणूस नाहीत. उठून दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं, बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले.

त्यांचा तोडगा — बारा नोंदी "नियमित दुरुस्ती" म्हणून बदलायच्या. बिलं हळूहळू जुळवायची. पोलिसांचं काय, विचारलं. पोलिसांनी काही विचारलंय का? नाही ना? मग आपण होऊन कशाला. शिवाय दुसऱ्या घराकडे बोट आपण का दाखवायचं? "आपण आकडे दिले होते. दार आपण फोडलं नाही."

मला हे वाक्य ओळखीचं वाटलं. गेला आठवडाभर मी ते रोज मनात म्हणतेय, याच शब्दांत.

उजवीकडच्या घराची फाइल पाहिली. ग्राहक दोन वर्षांपूर्वी राहायला आलेला. इतकं मोठं काहीतरी रात्रभर चालवतात आणि बिल मावशींचं येतं, छोटंसं. दोन वर्षांत एक चौकशी नाही, एक पत्र नाही. कोण करेल म्हणा. पण ज्याला लपवायचंय तोच इतका गप्प राहतो.

नियम बरोबर होता. नुसता पत्ता चुकला. हे दोनदा लिहावंसं वाटतंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींची मुलगी आली होती. ऑफिसात, खिडकीशी, रांगेत उभी राहून. रांगेत तिच्या पुढे सहा जण होते. माझी खिडकी नव्हती ती, पण लिपिक रजेवर होता आणि मी बसले होते.

माझ्याच वयाची असेल. तिला कामावरून घरी बसवलंय. तिच्याकडे औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या असतात, आणि घरावर अमली पदार्थांचा छापा पडलाय. रुग्णालय म्हणतं, पोलिसांकडून निर्दोष असल्याचं पत्र आण. पोलीस म्हणतात, तपास चालू आहे. तपास कसला तर दुधाच्या पावडरीचा. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. सांगून सांगून गुळगुळीत झालं होतं.

मग तिने पिशवीतून तीन कागद काढून काचेखालून सरकवले. तक्रारींची उत्तरं. निकाली, निकाली, निकाली. सहीवर बोट ठेवलं.

"ही सही कुणाची आहे?"

मी म्हटलं, "विभागाची."

मागचा माणूस खाकरला. तिने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पिशवीत ठेवले आणि थँक यू म्हणून गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

थँक यू म्हणाली ती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

संध्याकाळी साडेसातला गेले, उरलेली दोन मुलं घरी गेल्यावर. फळी, कपाट, आत. तिघंही होती. मुलीने मला ओळखलं आणि उभीच राहिली.

मी काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, क्रमाने — नकाशा, नोंद, खूण, तक्रारी, यादी. तसंच बोलले. पाच मिनिटं लागली असतील. सही माझी आहे हे शेवटी सांगितलं, ते आधी सांगायला हवं होतं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मावशींनी विचारलं, "म्हणजे माझी पत्रं वाचली होतीस तू?"

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मी आपली समजत होते, पोचलीच नसतील."

मुलगी आतल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. घरात तेवढं एकच दार शिल्लक आहे.

काकांनी — मावशींच्या यजमानांनी — प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि छापखान्याचं सांगू लागले. आमची अक्षरं सगळी उलटीच असायची, चाळीस वर्षं उलटंच वाचलं मी. म्हणून तर आधी एक कागद काढायचा, डोळ्यांपुढे धरायचा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यायचा. मग हजार. "तू एकदम हजार काढलेस, बाई." रागाने नाही म्हणाले. मला कारागिरी समजावल्यासारखं.

मग मावशींनी विचारलं, ही वीज कुणाची? मी म्हटलं, ते सांगता येत नाही, दुसऱ्या ग्राहकाची माहिती देता येत नाही. याच इमारतीतलं कुणी आहे का? तेही नाही. वीज कशी वापरली जाते, कोणत्या वेळी, त्यावरून पोलिसांना काय वाटलं, यातलंही काही सांगितलं नाही. वापर जास्त दिसला, एवढंच. तो नियम आहे, आणि या प्रकरणात निदान एक नियम तरी मी पाळावा असं वाटलं.

"मग आता हे लोक त्यांच्याकडे जाणार?"

मी म्हटलं, मी फक्त तुमचं नाव काढतेय.

"नाव काढलं की ती जागा रिकामी राहते का?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, सव्वाशे कुंड्यांचं. पण त्या घरात बसून ते बोलवलं नाही. निघताना मावशींनी जिन्यातला दिवा लावला, पायऱ्या खराब आहेत म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धा दिवस रजा. पोलीस ठाणं. साहेबांना आधी सांगितलं नाही.

निरीक्षकांनी खुर्ची दिली. माझं पत्र एका पानाचं होतं — अमुक क्रमांकाच्या घराच्या नावावर दाखवलेला वापर त्या घराचा नाही, नोंदीत माझ्या हातून चूक झाली होती, मीटर जागेवर तपासून खात्री केली आहे, सबब त्या कुटुंबावरील संशयाला आमच्या माहितीचा कोणताही आधार राहत नाही. शेवटचं वाक्य चार वेळा लिहून खोडलं होतं. अजूनही चांगलं वाटतं.

त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, हे अर्धं पत्र आहे. त्यांचं नाही म्हणता. मग कुणाचं?"

मी म्हटलं, ते इथे आवश्यक नाही.

त्यांना माझी अडचण कळत होती. पण त्यांचीही होती — वरिष्ठांनी विचारलं तर ते काय दाखवणार? कंपनीची बाई आली आणि म्हणाली की ते नव्हे? पूर्ण दुरुस्ती द्या, मी आत्ता, तुमच्यासमोर, त्या कुटुंबाला निर्दोष असल्याचं पत्र देतो. नाहीतर हा कागद फाइलला लागेल आणि तपास चालू राहील. किती दिवस, ते विचारलं. त्यांनी हात पसरले.

मी विचारलं, आधी चौकशी कराल ना?

"करणारच की."

मला नर्सची बोटं दिसत होती, कागदांच्या कडा जुळवणारी. पत्राखाली एक ओळ वाढवली. सदर वापर त्याच मजल्यावरील उजवीकडील टोकाच्या घराचा आहे. ग्राहक क्रमांक. आकडे एकेक करून नोंदीशी ताडून पाहिले. बरोबर होते.

दहा मिनिटांत त्यांचं पत्र टाइप होऊन आलं. शिक्का नीट उमटला नाही म्हणून त्यांनी स्वतः परत मारला.

दाराचं काय, विचारलं. त्यासाठी वेगळा अर्ज असतो. अर्जाचा नमुना संपला होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पत्र पोचवलं. नर्सने वाचलं, घडी घातली. माझ्याशी बोलली नाही. बोलायला हवं असं मलाही वाटत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना आज कळलं. ते रागावले नाहीत, दुखावले. मी त्यांना न विचारता गेले हे त्यांना लागलं. सात दिवसांत लेखी खुलासा मागितलाय. मीटरच्या माहितीला मला आता हात लावता येणार नाही, तक्रार निवारणात बसायचं. जागाही बदलली, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. पक्कड काका म्हणाले, बरं झालं, आता पत्रं वाचशील.

खोचक होतं. बरोबर होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नर्स उद्यापासून कामावर. हे मावशींनीच फोन करून कळवलं. का कळवलं असेल? मी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी पक्कड काका आणि मी मावशींकडे दार बसवायला गेलो. दार जुनंच आहे, काकांच्या ओळखीच्या सुताराने सांधून दिलंय. मधोमध नवी पट्टी, वेगळ्या रंगाची. काकांनी बिजागऱ्या ठोकल्या, मी दार खांद्याने धरून उभी राहिले. जड होतं. हे एवढं आतल्या बाजूला उडालं आणि मागे एक म्हातारा माणूस होता.

पोलिसांच्या पत्राची प्रत मावशींनी प्लास्टिकमध्ये घालून पाटीशेजारी चिकटवलीय. एक बाप मुलाला कडेवर घेऊन पूर्ण वाचत उभा होता, ओठ हलवत. मग आत आला. खुंट्यांवर पाच दप्तरं आहेत. छापखान्यातल्या काकांनी माझी ओळख करून दिली — "या कंपनीच्या बाई. यांना दार धरता येतं, छान." पक्कड काका इतके हसले की हातोडी बोटावर बसली. मावशींच्या तोंडाचा कोपरा हलला. मी हसू की नको ते कळेना.

उतरताना मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नजर गेली. दार बंद. आत कुणीतरी गुणगुणत होतं. मी थांबले नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खुलासा लिहिला. दीड पान. "सात मिनिटं" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

काल रात्री झोप लागली. अडीच आठवड्यांत पहिल्यांदा सलग. उठल्यावर हलकं वाटलं आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. पण आकडे खरे आहेत — दप्तरं पाच, नर्स कामावर, दार जागेवर. जे बिघडवलं त्यातलं काही दुरुस्त होतं. आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आता जेव.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आठला मावशींचा फोन. उजवीकडच्या टोकाचं दार फोडलं.

आत कुंड्या नाहीत. चार वर्षांची मुलगी आहे. जन्मतःच आजार, कावीळ अंगातून जात नाही, डोक्यात चढू शकते. रोज बारा तास निळ्या दिव्यांच्या नळ्यांखाली उघडी झोपते, संध्याकाळी सात ते सकाळी सात. म्हणून जगते. पोलीस आत शिरले तेव्हा ती झोपलेली होती. नळ्या चौकटीसकट उतरवून पुरावा म्हणून नेल्या.

मावशी रडत नव्हत्या. "अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे, पोरी. मला नुसतं विचारलं असतंस."

मुलीला रुग्णालयात नेलंय. तिथे निळे दिवे आहेत, पण तान्ह्या बाळांच्या पेटीवरचे. ती त्यात मावत नाही.